मिस परेरांचा डावा हात

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते आणि आमच्या वर्तमानपत्राचं जिल्ह्याचं पान लागत होतं. फोन वहिनीचा होता. ती एवढंच म्हणाली, "सुमे, ये गो." मागे कुणीतरी रडत होतं, त्यामुळे पुढचं विचारावं लागलं नाही. फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने निधनवार्तेला लागतं ते सगळं विचारून घेतलं : नाव, वय, गाव, मागे कोण, आणि शेवटी, काय करायचे. मी सांगितलं, मुरबाडजवळच्या एका निवासी शाळेत शिपाई होते, निवृत्त. दुसऱ्या दिवशी चार ओळी छापून आल्या. मी त्या सवयीने दोनदा तपासल्या. दामोदर हे नाव बरोबर होतं, सापगाव बरोबर होतं, शिपाई हेही बरोबर होतं. पण त्या चार ओळींत दादाचा डावा हात नव्हता, आणि आता काही महिन्यांनी लिहायला बसल्यावर मला त्या हाताशिवाय दुसरं काही आठवत नाही.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. शहापूरहून मुरबाडकडे निघालं की भातसा नदीच्या पुलाशी सापगाव लागतं, तिथे आमचं घर आणि थोडी भातजमीन. गावच्या भजनी मंडळात दादा पेटी वाजवायचा. शिकवणारं कुणी नव्हतं, मंडळातल्या म्हाताऱ्या पेटीवाल्याच्या मागे बसून तो बघत राहिला आणि एक दिवस म्हाताऱ्याने पेटी त्याच्यापुढे सरकवली. पेटीवाल्याच्या दोन हातांची कामं जन्मभर वेगळी असतात. उजवा पट्ट्यांवर, डावा मागच्या भात्यावर. डाव्या हाताला सूर ठाऊक नसतो, त्याला फक्त वारा ठाऊक असतो. उघड, मीट, उघड, मीट... दादाचा डावा हात इतका मुरलेला होता की जेवून ओटीवर आडवा झाला तरी तो हात छातीशी हलकेच उघडमीट करायचा. वहिनी म्हणायची, "झोपेत कुनाला वारा घालतंय ह्ये, इचारून बघा."

शाळा मुरबाडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, सागाच्या झाडांत होती. दादा सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचा आणि शनिवारी संध्याकाळी यायचा. घंटा देणं, वर्ग उघडणं, टपाल आणणं ही त्याची कामं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका बंद पडलेल्या क्लबातून त्या शाळेत एक जुना उभा पियानो आला. टेंपोतून उतरवताना त्याला दोर बांधून आठ माणसं लागली होती, आणि खाली टेकताना आतून एक लांब, भरून राहिलेला आवाज आला होता. दादा तो आवाज पुढे कितीदा तरी सांगायचा. "कोनी हात नाय लावला गो त्याला. नुसता भुईला टेकला, आनि बोलला."

आमच्याकडच्या पावसाळ्यात त्या पियानोच्या पट्ट्या फुगायच्या आणि दाबल्या की वर येत नसत. त्यावर उपाय म्हणून खालची फळी काढून आत एक बल्ब ठेवलेला असे, जूनपासून दसऱ्यापर्यंत चोवीस तास पेटता. तो जपणं दादाकडे आलं. आषाढातल्या अंधारलेल्या दुपारी संगीताच्या खोलीत बाकी दिवा नसायचा, फक्त पियानोच्या सांध्यांतून पिवळा उजेड झिरपत असायचा, जणू आत कुणी कंदील घेऊन बसलं आहे. मी पहिल्यांदा तिथे गेले ती अशाच दुपारी. बाहेर साग गदगदा हलत होते आणि आत मिस परेरा वाजवत होत्या. दादा दाराशी टपालाची पिशवी घेऊन उभा होता. वाजवणं थांबेपर्यंत त्याने टपाल दिलं नाही.

मिस वसईच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या, संगीत आणि इंग्रजी शिकवणाऱ्या. संगीताच्या खोलीमागे एक छोटी खोली होती, तिथे त्या राहत. दादाला त्या पूर्ण नावाने हाक मारत, दामोदर, आणि अहो-जाहो करत. शाळेत शिपायाला अहो म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या, हे दादाने मला दोन वेगवेगळ्या वेळी सांगितलं.

एका उन्हाळ्याच्या सुटीत, भावाकडे असताना, मिसना अर्धांगाचा झटका आला. जूनमध्ये त्या परतल्या त्या काठी घेऊन. डावा पाय थोडा ओढत होता. डावा हात गेलाच होता. खुर्चीत बसल्या की उजव्या हाताने तो उचलून त्या मांडीवर ठेवत, पर्स ठेवावी तसा. भाऊ सोबत आला होता, तो सामान न्यायलाच आला होता. संस्थेचे सचिव सौम्यपणे बोलले. मिसनी आता आराम करावा. संगीताला नवीन माणूस लागेल, त्या माणसाला खोली लागेल. मिस म्हणाल्या, जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात मी वाजवते. वाजवता आलं तर राहू द्या, नाही आलं तर मीच सामान बांधते. सचिवांनी मांडीवरच्या त्या हाताकडे पाहिलं आणि बरं म्हणाले. मला वाटतं, नाही म्हणायची वेळ जानेवारीवर गेली, एवढाच त्यांना आनंद झाला असावा. भावाच्या घरी मिससाठी स्वयंपाकघरामागे एक खाट होती. पियानो नव्हता. "तिथे मी पाहुणी," त्या दादाला म्हणाल्या, "न जाणारी पाहुणी."

दुपारच्या सुटीत त्या उजव्या हाताने एकट्याच वाजवत. वडिलांनी वहीत उतरवून दिलेला एक वॉल्ट्झ होता, तीन ठोक्यांचा नाच. वही केव्हाच हरवली होती, सूर त्यांच्या बोटांत होता. दादा बल्ब बघायला वाकला होता. वरून सूर येत होता आणि खाली काही नव्हतं. तो वाकलेलाच म्हणाला, "मिस, ह्याच्याखाली जमीनच नाय."

"जमीन डाव्या हाताची होती, दामोदर."

दादा उठला, हात पुसले. "माजा डावा तसा रिकामाच असतो," तो म्हणाला.

हे सगळं दादानेच सांगितलेलं. पुढचं मी बरंचसं पाहिलं आहे, कारण माझी आठवड्याची सुटी मंगळवारी असे आणि त्या वर्षी मी ती बहुतेक मुरबाडला घालवली. बाक एकच होता. उजव्या टोकाला मिस, डाव्या टोकाला दादा. डाव्या हाताचं काम ऐकायला सोपं होतं. पहिल्या ठोक्याला खूप डावीकडचा एक खोल स्वर, एकट्या करंगळीने. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याला तिथून कधी एक वीत, कधी दीड वीत उजवीकडे उडी मारून तीन स्वर एकदम, दोनदा. मग परत खाली. धुम्, चक, चक. सगळा प्रश्न मधल्या उडीचा. हात हवेत असतो तेव्हा त्याला काही धरायला नसतं आणि पोचायला ठोक्याइतकाच वेळ असतो.

दादाच्या पहिल्या चुका पेटीवाल्याच्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या होऊच शकल्या नसत्या. खोल स्वर वाजवताना त्याचा हात खाली जाण्याऐवजी पुढे जायचा, भाता लोटल्यासारखा, आणि बोटं समोरच्या लाकडावर आपटायची. ती खोड आठवडाभरात गेली. दुसरी जाईना. तो स्वर सोडत नव्हता. पेटीवर बोट उचललं की सूर मेला. वीस वर्षं त्याची बोटं हेच शिकली होती, आणि आता डाव्या करंगळीनेही, जिने कधी पट्टी पाहिली नव्हती, तोच धर्म उचलला. खोल स्वर ती घट्ट दाबून ठेवायची, शेवटच्या क्षणी सुटायची, आणि मग हात धावत, धापा टाकत उजवीकडे जाऊन शेजारच्या घरात घुसायचा.

मिसनी त्याचा उजवा पाय पियानोच्या तळाशी असलेल्या पितळी पायपट्टीवर ठेवायला लावला. "आता वाजवा. पाय दाबून ठेवा. आणि हात उचला, लगेच."

दादाने उचलला. स्वर तसाच राहिला... खोलीत, लाकडात, बाकाच्या पायांत. दादा हात वर धरून ऐकत राहिला. सूर विरत विरत गेला तरी त्याने हात खाली घेतला नाही.

"सोडला तरी हाय," तो म्हणाला.

"म्हणून लवकर सोडायचा," मिस म्हणाल्या. "स्वर तुमच्यासाठी थांबलाय. तुम्ही कशाला त्याच्यापाशी थांबताय?"

तिथून खरी शिकवणी सुरू झाली. मिसचा नियम असा : आधी पोचायचं, मग वाजवायचं. खोल स्वर लागला की हात त्याच क्षणी निघायचा, चपळ, आणि तीन स्वरांच्या पट्ट्यांवर जाऊन नुसता टेकायचा. दाबायचं नाही. टेकून थांबायचं, बोटांखाली काय आहे ते ओळखायचं, बरोबर असेल तरच दाबायचं. चुकलं असेल तर चुकीचं वाजवायचंच नाही, कारण हात जे वाजवतो ते तो शिकतो. दादा आठवडेच्या आठवडे असा मुका सराव करायचा. खिडकीतून पाहणाऱ्याला वाटलं असतं, शिपाई पियानो पुसतोय.

मध्येच त्याने एक शहाणपणा केला. वहिनीचं टिकल्यांचं पाकीट नेलं आणि खालच्या पट्ट्यांवर लाल, मधल्या पट्ट्यांवर हिरव्या टिकल्या लावल्या. दोन दिवस हात अचूक पडला. तिसऱ्या दिवशी मिसनी वरचा सूर मुद्दाम मध्येच थोडा लांबवला, आणि दादा पुढे निघून गेला. त्याला कळलंच नाही. तो टिकल्या बघत होता.

"तुम्ही जमिनीकडे बघत चालताय," मिस म्हणाल्या. "मी थांबले ते दिसलं नाही तुम्हाला."

"मग बघू कुठं?"

"माझ्याकडे. मी श्वास घेते तेव्हा सूर सुरू होतो. हाताला त्याची वाट कळू दे, डोळे मला लागतात."

टिकल्या दादाने स्वतः खरवडून काढल्या. घरी वहिनीला हे कळलं तेव्हा तिने भाकरी थापता थापता गावजेवण होईल इतकं ऐकवलं. "माज्या टिकल्या गेल्या कुठं ते आत्ता उमगलं. त्या बाज्याला सवाष्ण करतंय. कुकू पन लावा, वटी भरा त्याची." मग थोड्या वेळाने, चुलीकडे तोंड करून, "हितं हंडा उचलायला ह्यांचा डावा हात दुखतोय. तितं बाईला द्यायला बराय." दादा हसायचा. वहिनी हसायची नाही. ती कधी शाळेत गेली नव्हती, मिसना तिने पाहिलं नव्हतं, आणि नवरा शनिवारी घरी आला की त्याचा एक हात घरी आलेला नसे, हे तिला दिसत होतं.

न पाहता वाट कळण्यासाठी मिसनी काळ्या पट्ट्या दाखवल्या. त्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटांत असतात आणि बोटांना उंचवट्यासारख्या लागतात. दादाने ते लगेच आपल्या भाषेत घेतलं. अंधारात शेतातून येताना माणूस बांध मोजत येतो, पायाला कळतं कुठला बांध कुणाचा. दोनाचा बांध, तीनाचा बांध. मग उडीची उंची. मिस सांगून थकल्या होत्या की हात कमानीसारखा उंच न्यायचा नाही, पट्ट्यांना घासून जाईल इतका खाली ठेवायचा, जवळची वाट. हे दादाला श्रावणात लावणी संपवून आल्यावर एकदम जमलं. तो म्हणाला, बाया रोप लावतात तेव्हा मुठीतून चिखलात हात किती उचलतात? चार बोटं. उंच उचलला तर कंबर मोडेल आणि रांगही चुकेल. मिसनी ते ऐकून घेतलं आणि पुढे दुसऱ्या मुलांना शिकवतानाही लावणीचंच उदाहरण देऊ लागल्या.

अंतर कोपराने लक्षात ठेवायचं, बोटांनी नाही, हेही त्याच सुमाराचं. दार उघडावं तसा कोपर बाहेर गेला की हात आपोआप खाली पोचतो. पण दार दरवेळी तेवढंच उघडायला चौकट हलता कामा नये. बाक दोन बोटं इकडेतिकडे झाला तरी सगळी मोजणी चुकायची. दादाने बाकाच्या चारही पायांखाली फरशीवर खिळ्याने खुणा कोरल्या. आणि शेवटी मिस त्याला हवी त्यापेक्षा एक सप्तक खालची उडी मारायला लावत, पाच-दहा मिनिटं. ती झाल्यावर खरी उडी शेजारच्या घरी साखर मागायला जाण्याइतकी जवळची वाटायची.

याची किंमत सापगावात द्यावी लागली. कार्तिकातल्या एका शनिवारी रात्री भजन रंगात आलं असताना पेटीचा सूर खाली बसला आणि बंद पडला. दादाचा डावा हात भात्यावरून उठून हवेत गेला होता. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मंडळाचे गणपतबुवा चेष्टेखोर होते, म्हणाले, "दामू, पेटीला दमा लागला का रे?" सगळे हसले. तिसऱ्या वेळी बुवा हसले नाहीत. "आमी गातो नि तुजा हात मुरबाडला जातो. एक काय त्ये धर."

दादाने पेटी त्याच शनिवारी चुलतभावाकडे दिली. स्वतः मागच्या रांगेत टाळ घेऊन बसला. घरी आल्यावर वहिनीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मी तेव्हा रजेवर घरी होते, म्हणाले, जानेवारीनंतर परत घे. तो म्हणाला, "हाताला दोन धनी नाय चालत गो." आणि ओटीवरच्या लांब बाकड्याच्या कडेवर डावा हात ठेवून त्याने आवाज न करता खालून वर, वरून खाली जायला सुरुवात केली. बाहेर खळ्यात भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, त्यांचा वास घरभर होता. चांदण्यात माहुलीगडाचे सुळके धुक्यात अर्धे बुडालेले होते. त्या बाकड्यातून काही ऐकू येत नव्हतं, तरी मी आणि वहिनी, दोघीही हातातलं काम थांबवून बसलो होतो...

जानेवारीत संमेलन झालं. पटांगणात मांडव, सूर्य मावळतीला. पियानो फळ्यांवरून ढकलत आणला, आणि बाकाच्या खुणा मात्र खोलीतच राहिल्या. दादाने दोरीने मापं घेऊन ठेवली होती, ती लावून त्याने बाक तीनदा सरकवला. पहिल्या रांगेत सचिव, त्यांच्या शेजारी मिसचा भाऊ. तो मोठी बॅग आणूनच आला होता, ती खुर्चीखाली दिसत होती. वहिनीने यायला नकार दिला होता. मिस काठी टेकत आल्या, बसल्या, उजव्या हाताने डावा उचलून मांडीवर ठेवला. दादा इस्त्रीच्या खाकी कपड्यांत, त्यांच्या डावीकडे. मिसनी श्वास घेतला.

पहिला भाग मला नीट आठवत नाही. उजेड पिवळट होता, धूळ होती, मुलं गप्प होती, आणि सूर सागाच्या शेंड्यांवरून जात असल्यासारखा वाटत होता. तीनशे मुलांच्या त्या पटांगणात मला कुठेतरी पाण्याखाली बसल्यासारखं झालं होतं. जाग आली ती सूर थांबला तेव्हा. मिसचा उजवा हात पट्ट्यांवरून उठला होता आणि खाली येत नव्हता. त्यांनी नंतर सांगितलं, तिसरा भाग कुठून सुरू होतो ते पुसलं गेलं, पाटी पुसावी तसं. वडिलांची वही नव्हती, कुणाला विचारायचं नव्हतं.

दादा थांबला नाही. पेटीवाल्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. बुवांना शब्द आठवेनासा झाला, ठसका लागला, पाणी प्यायचं असलं, तरी पेटीचा सूर तुटत नाही. तो धरून ठेवलेला असला की बुवांना परत यायला जागा राहते. धुम्, चक, चक. धुम्, चक, चक. खोल स्वर, उडी, टेकणं, वाजवणं, परत. मी मोजले, सवयीने : बारा फेरे. एकही उडी चुकली नाही. त्या सगळ्या वेळात त्याने हाताकडे एकदाही पाहिलं नाही. तो मिसच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्या समोर कुठेतरी बघत होत्या. तेराव्या फेऱ्याला त्यांचे खांदे किंचित वर झाले. दादाने तो श्वास पाहिला, खालचा स्वर केसाइतका थांबवला, आणि दोघं एकदम आत शिरले.

कुणालाच काही कळलं नव्हतं. ऐकणाऱ्यांना ते बारा फेरे रचनेतलेच वाटले. टाळ्या झाल्या. सचिवांनी मिसना नमस्कार केला आणि राहा म्हणाले, आमची काही हरकत नाही. मग हलक्या आवाजात माझ्या शेजारच्या शिक्षकांना विचारलं, "तो शिपाई शेजारी कशाला बसवला होता? पानं उलटायला?" पानं नव्हतीच. शिक्षकांनी खुलासा केला की नाही ते मला ऐकू आलं नाही. मिसच्या भावाने बॅग तशीच परत नेली.

त्यानंतर सात वर्षं मिस त्या खोलीत राहिल्या. रोज सकाळच्या प्रार्थनेला दोघं एका बाकावर बसत. शाळेच्या कोणत्याही अहवालात हे लिहिलेलं नाही. दादाची नोंद शेवटपर्यंत शिपाई अशीच राहिली आणि त्याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. नवी आलेली मुलं समजत की पियानो असाच वाजवतात, दोन माणसांनी. सुटीत मुंबईला जाऊन आलेल्या एका मुलीने दादाला येऊन सांगितलं होतं, काका, तिथे एकच बाई दोन्ही हातांनी वाजवत होती, आणि दादाने तिला विचारलं होतं, "जमत व्हतं का तिला?"

मिस दुसऱ्या झटक्याने गेल्या, वसईला, ईस्टरसाठी गेल्या असताना. दादा मातीला जाऊन आला. त्याबद्दल तो एवढंच बोलला की चर्चमध्ये ऑर्गन वाजत होता आणि वाजवणारा हाताकडे बघत होता.

शाळेने नवीन शिक्षिका नेमली, सोबत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. त्यात एक बटण दाबलं की डाव्या हाताचं सगळं काम आपोआप होतं. पियानो भिंतीला लागला. दादाच्या नोकरीची चार वर्षं राहिली होती. त्या काळात मी एकदा मुरबाडला गेले होते. शाळा सुटली होती. संगीताच्या खोलीतून आवाज आला, धुम्, चक, चक. वर सूर नव्हता. मी दारात उभी राहिले. दादा बाकाच्या डाव्या टोकाला बसला होता, उजवा हात गुडघ्यावर. खालचे स्वर अचूक पडत होते. मधेमधे तो केसाइतका थांबत होता, आणि मग पुढे जात होता. त्या थांबण्यांवरून मला उमगलं, की सूर कुठे आहे ते त्याला ऐकू येतंय.

संपल्यावर मी म्हटलं, "दादा, उजवा हात आहे की तुला. सूर पाठ आहे. पेटीवर किती वर्षं वाजवलंस. दोन्ही हातांनी वाजव, निदान मला तरी ऐकू दे."

त्याने गुडघ्यावरच्या हाताकडे पाहिलं. "नाय गो," तो म्हणाला. "ती बाजू त्यांची."

मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. तो सूर आता कुणालाच येत नाही, हे माझ्या लक्षात दादा गेल्यानंतर आलं. मी शंभरदा तरी ऐकला असेल. मला सुरुवातीचे चार स्वर येतात, तेही खात्रीने नाही.

महिन्याभरापूर्वी शाळेतून निरोप आला, दादाच्या कपाटात थोडं सामान राहिलं आहे, कुणीतरी घेऊन जा. मी जाते म्हटलं. वहिनी म्हणाली, "मी पन येतंय." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एसटीत ती खिडकीशी बसली. सामान म्हणजे एक शबनम, छत्री आणि खाकी सदरा. ते घेतल्यावर ती संगीताच्या शिक्षिकेला म्हणाली, "तो बाजा हाय का अजून?"

ही कीबोर्डवालीच्या नंतर आलेली, तरुण होती, दादाला तिने त्याच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं पाहिलं होतं. तिने आम्हाला खोलीत नेलं. पियानोचं झाकण लावलेलं होतं, त्यावर वह्यांचे गठ्ठे. बाक समोर होता. शिक्षिका म्हणाली, याला पॉलिश करायचं राहिलंय, बघा ना. दोन्ही टोकांना लाकूड पांढरं पडलं होतं, खोलगट झालं होतं. मध्ये मात्र वीतभर जागा तशीच होती, तपकिरी, चकचकीत, कालच दुकानातून आणल्यासारखी. डावं टोक उजव्यापेक्षा जास्त झिजलं होतं.

वहिनीने वाकून ते पाहिलं. तिने पदराने डावं टोक पुसलं, आणि तिथे न बसता, वळसा घालून उजव्या टोकाला जाऊन बसली.

"बाई हितं बसायची?"

मी हो म्हटलं.

"हितनं काय दिसायचं तिला?"

शिक्षिकाच म्हणाली, "त्यांचा हात दिसत असेल. डावा."

"हात न्हवं," वहिनी म्हणाली. "भाकरी मोडताना त्यो मी लई येळा बघितला." तिने मान डावीकडे वळवली, जिथे दादाचं तोंड असेल तितक्या उंचीवर नजर धरली आणि तशीच राहिली. बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली, मुलं व्हरांड्यातून पळत गेली, खोली पुन्हा शांत झाली... मी म्हटलं, वहिनी, सव्वापाचची एसटी आहे. तिने ऐकलं. मान न वळवता ती म्हणाली, "थांब गो. बघतोय त्यो."